भिवा अस्वलाने पुसलेला आरसा

एका जंगलात, मुलांनो, सिंहाच्या मालकीचा एक जुना टीव्ही होता. तुमचा टीव्ही भिंतीला चिकटतो. हा कपाटाएवढा होता आणि गुहेचे अर्धे दार अडवायचा. त्याच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे होते. तिघांचा उजेड आतल्या आरशावर पडे आणि तिथून मोठ्या पडद्यावर. सिंह कॅमेऱ्यासमोर भाषण करी आणि प्रजा बाहेर बसून ते पडद्यावर पाही. बसावेच लागे.

पुढे तिन्ही रंग एकमेकांशी फटकून वागू लागले. पडद्यावर एक लाल सिंह, शेजारी हिरवा, त्याला खेटून निळा. चित्रही अंधुक झाले. प्रजा गुणी होती. ती तीनदा मुजरा करू लागली.

सिंहाला मात्र घोर लागला. "आज तिघांना मुजरा करतात. उद्या विचारतील, यातला खरा कोणता?"

त्याने भिवा अस्वलाला बोलावले. भिवा जंगलातला एकुलता एक मेकॅनिक, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

"दसऱ्याच्या भाषणात मी एकटा दिसलो पाहिजे," सिंह म्हणाला. "आणि झकास दिसलो पाहिजे. नाहीतर त्या दिवशी फराळाला तू."

घरी भिवाची बायको सखू म्हणाली, "अहो, माझं ऐका. तीन राजांचा एक करा आणि निघून या. जास्त हुशारी नको."

"काम करीन तर चोख करीन," भिवा म्हणाला. अस्वलच ते.

त्याने मागचे झाकण उघडले. तिन्ही रंग सरकवून एकावर एक बसवले. तीन सिंहांचा एक झाला. इथे थांबला असता तर आपली गोष्टही इथेच संपली असती. पण त्याला आरसा दिसला. दर खंडेनवमीला दरबारी मंडळी टीव्हीची पूजा करत. हार, हळदकुंकू आणि मागच्या जाळीशी भरपूर धूप. वर्षानुवर्षांची ती काजळी आरशावर बसली होती. भिवाने मऊ फडक्याने आरसा लख्ख पुसला.

रंगीत तालीम सुरू झाली. पडद्यावर एकच सिंह उमटला. आयाळ विरळ. पोट लोंबते. नाकावर माशी. एक सुळा गायब.

"हा म्हातारा कोण?" सिंहाने विचारले.

कोल्हा प्रधान तत्परतेने म्हणाला, "महाराज, यानं यंत्र बिघडवलं. कालपर्यंत छान चाललं होतं."

"महाराज, आरसा स्वच्छ केला की असंच..." भिवा बोलू लागला. सिंहाने पंजा उचलला. मला त्या अस्वलाची खरेच दया येते.

तेवढ्यात तालीम पाहायला आलेली सखू पुढे झाली. "महाराज, पूजा राहिली की! पूजेवाचून यंत्र चालतं का कुठं?" तिने जाळीशी धूप पेटवला आणि पदराने असा वारा घातला की सगळा धूर आत.

हळूहळू पोट पुसट झाले. माशी दिसेनाशी झाली. सुळ्याचा प्रश्नच उरला नाही. पडद्यावर एक भलामोठा पिवळा धुरकट गोळा डरकाळ्या फोडू लागला.

"आता कसं!" सिंह म्हणाला. "अगदी हुबेहूब मी."

भिवाला शाल-श्रीफळ मिळाले आणि राजयंत्रज्ञ ही पदवीही मिळाली. त्याचे ते मऊ फडके सखूने चुलीत घातले.

तात्पर्य : मुलांनो, काम नेहमी चोख करावे. फक्त ते निस्तरायला जवळ धूप ठेवावा.