शंभराचे एकशे साठ

आज माझं जे काही चाललंय ते घाडीकाकांमुळे. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे त्यांची गंमत सांगायला लागले की कुणाला वाटेल, बाई उपकार विसरली.

आता गंमत. आमच्या दहिसरच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी, असलं काहीबाही त्यावर असतं. रोज सकाळी सातला घाडीकाका इस्त्रीचा शर्ट घालून खाली येतात, ओल्या फडक्याने फळ्याचा एक कोपरा पुसतात आणि लिहितात: भारत १००, नेपाळ १६०. दुसऱ्या दिवशी ते पुसतात आणि पुन्हा तेच लिहितात.

मी देवगडकडून इथे नवीन आले तेव्हा मला वाटलं, क्रिकेटची मॅच आहे आणि नेपाळ जिंकतंय. चार दिवस झाले तरी स्कोअर हलेना, तेव्हा भीतभीत विचारलं.

"रुपयाचो भाव गो चेडवा. आपल्या शंभराचे नेपाळात एकशे साठ."

"पण काका, कालपण एकशे साठच होते ना?"

"कालचो भाव काल. आजचो आज."

तेवढ्यात पहिल्या माळ्याच्या खिडकीतून काकींचा आवाज आला, "वाढलो काय वो?"

"नाय गे."

"मगे ऱ्हवांदे!"

हे रोजचं. मला वाटायचं, दोघांनी मिळून नेपाळात काहीतरी गुंतवलंय.

काका बोरिवलीच्या एका यात्रा कंपनीत मॅनेजर होते. सगळी नोकरी पशुपतीनाथ आणि मुक्तिनाथ करण्यात गेली. आपण आजोबा-पणजोबांची नावं घेतो तसे ते जुने भाव सांगतात. एकेकाळी शंभराला एकशे एक होता, मग एकशे पस्तीस झाला, एकशे अडुसष्टही पाहिला, आणि एकशे साठावर बसला तो बसलाच. तीसेक वर्षं जागचा हललेला नाही. नाक्यावर वडापाव वीस रुपये झाला तर सगळे गाडीवाल्याशी भांडले. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे नेपाळात बत्तीस," आणि घरी गेले. गाडीवाला अजून मला विचारतो, ते शिवी देऊन गेले की काय?

मी पोळ्या करायचे ते डब्याचं किचन बंद पडलं तेव्हा मी जिन्यावर बसून रडत होते. खोलीचं भाडं कुठून द्यायचं, गावी काय तोंड दाखवायचं, काही सुचत नव्हतं. काका फडकं घेऊन उभे राहिले.

"आमच्या कंपनीक नेपाळच्या यात्रेक सैपाकीण होयी. जातंस?"

"परदेशात? काका, मी आठवीतून शाळा सोडलीय!"

"नेपाळाक पासपोर्ट लागत नाय, पाढो लागता. सोळाचो येता?"

येत नव्हता. यात्रेकरूंना तिकडेही आपलं वरण-भात लागतं, आणि भाजी सैपाकिणीनेच बाजारातून आणायची असते. काकांनी मला पंधरा दिवस जिन्यावर बसवून शिकवलं. "एकशे साठ इसर. तेंचे सोळा म्हणजे आपले दहा. ऐंशी म्हणजे किती?"

"एकशे अठ्ठावीस?"

"अगो, गुणतंस कित्याक? सोळा पंचे ऐंशी. पाच धा पन्नास!"

वरून काकी ओरडायच्या, "तिका घाबरवू नकात वो!"

तरी व्हायचं ते झालंच. नेपाळात पोखऱ्याच्या बाजारात फ्लॉवर ऐंशी रुपये किलो होता. दहा किलो घेतला. आठशे. पाढा विसरून मी पुन्हा गुणलं. आपल्या शंभराच्या बारा नोटा आणि वर ऐंशी रुपये त्या भाजीवालीच्या हातात ठेवले. ती आधी हसली, मग तिने पाच नोटा ठेवून बाकी सगळं माझ्या पदरात टाकलं. यात्रेबरोबर आलेला कंपनीचा मॅनेजर मागेच उभा होता. म्हणाला, "उद्या पुन्हा असं झालं तर ही तुमची शेवटची यात्रा, ताई."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात उभी राहून सोळाचा पाढा मोठ्याने म्हटला. भाजीवालीला वाटलं, बाई देवाचं काही म्हणतेय, तिने हात जोडले. पण हिशेब बरोबर आला. नोकरी राहिली.

परत आले ती काकींसाठी हिरव्या मण्यांची पोत घेऊन. काकी ती उजेडात धरून बघत बसल्या.

"बर्फाचो डोंगर जवळसून कसो दिसता गो?"

"तुम्ही नाही बघितलात?"

"मी खय गेलंय?" त्या हसायला लागल्या. "दर वर्षी इचारी, माका नेशात? हे म्हणत, भाव जरा वाढांदे, मगे नेतंय. माका काय ठावक, तो भाव खुट्याक बांधलेलो आसा म्हणान!"

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काका नेपाळची दोन तिकिटं घेऊन आले होते. तोवर काकींचे गुडघे गेले होते. चार वर्षं त्या जिना उतरलेल्या नाहीत.

"मी म्हटलंय, आता भाव वाढल्याबिगर मी येवचंय नाय!" काकी डोळे पुसत हसत होत्या.

काका दारात फडकं पिळत उभे होते. पिळून कोरडं झालं तरी पिळतच होते. "म्हणान बघून येतंय रोज," एवढंच बोलले.

मला अजून नीट कळलेलं नाही. भाव हलणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, काकींनाही ठाऊक आहे, मग रोज विचारतं कोण आणि रुसलंय कोण? मी शिकलेली असते तर कळलं असतं कदाचित.

पण काका, एक ठरवलंय. मी कंपनीत जरा टिकले की यात्रेच्या किचनमधल्या चार पोरांना घेऊन येईन, काकींना खुर्चीसकट खाली उतरवीन आणि तुम्हाला दोघांना नेपाळच्या गाडीत पुढची सीट देईन. त्या सकाळी फळा मी पुसणार. आकडा काय लिहायचा ते माझं मी बघीन.