वीस लिटर म्युनिक बेपत्ता

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातला एकमेव मराठी गुप्तहेर म्हणजे मी, श्रीनाथ. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, उरलेल्या वेळात माणसांमधल्या. हातात घेतलेली एकही केस मी अर्धवट राहू दिलेली नाही. पूर्ण दुसऱ्यांनी केल्या, हा भाग वेगळा.

शनिवारी सकाळी माझा मित्र अजितचा फोन आला. त्याच्या घरातल्या लाँड्रीतली, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीतली, बिअर नाहीशी झाली होती. प्रकरण नाजूक होतं. आमचा गुरुदत्त नऊ वर्षं म्युनिकमध्ये सुखात होता. अजितनेच मागे लागून त्याला मेलबर्नला आणलं. तेव्हापासून गुरुदत्त इथल्या प्रत्येक बिअरचा घोट घेऊन उसासा टाकायचा आणि आता तर परत जायचं म्हणत होता. म्हणून अजितने त्याच्या नकळत तीन आठवडे खपून गव्हाची जर्मन बिअर लावली होती. आज ती बाटल्यांत भरायची होती, आणि कारण न सांगता गुरुदत्तलाही बोलावलं होतं.

मी लाँड्री तपासली. बिअरचं पिंप रिकामं होतं आणि घासून लख्ख केलेलं. इतका स्वच्छ चोर ऑस्ट्रेलियात मिळत नाही. जर्मनीत राहिलेला मात्र असू शकतो. मी गुरुदत्तचं नाव लिहून घेतलं.

परसातल्या लिंबाखालची माती ओली होती आणि तिला बिअरचा वास येत होता. चोर इथे बसून प्याला आणि हात थरथरून सांडली, असं मी अजितला समजावलं.

"वीस लिटर?"

"फार थरथरत असणार."

दुपारी गुरुदत्त आला. सकाळी कुठे होतास, असं मी दरडावून विचारलं. तो म्हणाला, म्युनिकचं तिकीट बघत होतो. अजितचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, पण गुप्तहेराने ती दाखवायची नसते.

तेवढ्यात सांगलीहून आलेल्या अजितच्या आई, शोभाकाकू, हातात पळी घेऊन बाहेर आल्या.

"अजित, कसला गहू आणलास रे? तासभर घोटतेय, चीक घट्टच होईना. कडूही लागतोय."

अजितने डोळे मिटले. आईसमोर बिअर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून 'गहू आंबवतोय' एवढंच तो बोलला होता. पोराला कुरडया खाव्याशा वाटतायत, असं समजून काकूंनी वरची निवळ तांब्या-तांब्याने लिंबाला घातली आणि तळाचा गाळ शिजायला ठेवला. पिंपही घासून ठेवलं.

"ही बिअर कुणासाठी लावली होतीस?" वासावरून ओळखून गुरुदत्तने विचारलं.

"तुझ्यासाठी. तू जाऊ नयेस म्हणून."

गुरुदत्तने पळीतला चीक चाखला. तोंड वाकडं झालं, पण उसासा नाही टाकला.

"नऊ वर्षांत तिथे माझ्यासाठी कुणी साधा चहा टाकला नाही," तो म्हणाला. मग परत लावायला किती दिवस, असं त्याने विचारलं. तीन आठवडे, अजित म्हणाला. गुरुदत्त म्हणाला, मग तिकिटाचं नंतर बघू.

मी आरोप मागे घेतला. काकूंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बिअर होती होय? मग तसं सांगायचं," त्या म्हणाल्या. "या खेपेला गहू मी निवडून देते."