अर्ध्या जिन्यातली कुमुद

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि वैजयंती धुमाळांच्या कादंबरीतली कुमुद आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, उभीच राहिली.

आमच्याच इमारतीतल्या धुमाळबाई साताऱ्यात एका कॉलेजात मराठी शिकवतात, शनिवारी घरी कथामंडळ भरवतात आणि उरलेल्या वेळात लिहितात. ‘कुमुद जिना चढू लागली’ एवढं लिहून झालं होतं. पुढे उरलेला वेळ काही उरला नाही.

कुमुदचा कुणाला त्रास नव्हता. कुणी सिलिंडर घेऊन आलं, की भिंतीला चिकटून वाट द्यायची. विचारलं तर म्हणाली, “दादाकडे निघालेय. आईच्या आजारपणात भांडलो, तेव्हापासून बोलणं नाही. दार उघडतो की नाही, कोण जाणे.”

आम्ही तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. ‘बसली’ असं बाईंनी लिहिलेलं नव्हतं.

शेवटी सोसायटीचे सचिव शेंडगे बाईंना म्हणाले, “मॅडम, त्यांना वर तरी न्या, नाहीतर खाली तरी. जिना सगळ्यांचा आहे.”

“पेपर तपासून झाले की लगेच,” बाई म्हणाल्या.

शनिवारी कथामंडळ चहाचे कप घेऊन जिन्यात आलं. एकाने सुचवलं, तिला परत पाठवा, शेवट खरा वाटेल. मंडळातल्या एकीच्या मते भाऊ आधीच वारलेला बरा. कुमुद ऐकत होती. मग बाईंचे विद्यार्थी आले. एका मुलीने विचारलं, “आत्ता तुमच्या मनात काय चाललंय?”

“पाय दुखतायत,” कुमुद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई दूध घेऊन वर येत होत्या. कुमुदने विचारलं, “सध्या वर्गात काय शिकवताय?”

“पात्राला वाऱ्यावर सोडू नये, हे.”

“मुलांना पटतं?”

“पटतं.”

दोघी हसल्या. बाई जरा उशिरा हसल्या.

“मला घाई नाही हो,” कुमुद म्हणाली. “वर काय होईल, याची मलाच धास्ती आहे. पण तुम्ही हल्ली माझ्याकडे न बघता जाता.”

बाई दुधाची पिशवी घेऊन तिथेच पायरीवर बसल्या.

मग रोज कॉलेजला निघण्याआधी त्या तिच्याजवळ बसू लागल्या. लिहीत नसत. दादा चिडला की जेवतो का, लहानपणी तिला काय म्हणून हाक मारायचा, असलं काहीबाही विचारायच्या. मंडळ बंद केलं नाही. फक्त सांगितलं, “तिच्याविषयी कुणी मत द्यायचं नाही.” तेव्हापासून मंडळी जिन्यातच बसून आपापल्या कथा वाचत. तेवढीच तिला सोबत.

एका सकाळी बाई पायरीवरून उठल्याच नाहीत. मंडळातले ओंबासे सर त्यांचा तास घ्यायला कॉलेजात गेले. बाई मांडीवर कागद ठेवून लिहू लागल्या आणि कुमुदने पाऊल उचललं.

आम्ही सगळे दारं उघडून उभे होतो. ती दुसऱ्या मजल्यावर आली, थांबली नाही, तशीच वर गेली. आमची इमारत दोनच मजल्यांची आहे.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. बराच वेळ काहीच नाही. बाईंचं पेनही थांबलं होतं. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि एक पुरुष म्हणाला, “चपला आत काढ. बाहेर ठेवल्या की कुत्रं पळवतं.”

एक मजला वाढला म्हणून शेंडगे आता पाण्याची मोटर सकाळी थोडा जास्त वेळ चालू ठेवतात.