उत्तमची विहीर आणि माझं पोट

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाने, उत्तमने, सौंसरजवळ संत्र्याच्या बागेसाठी जमीन घेतली. ऑफिसातून पांढुर्ण्याच्या घरी आलो, तेव्हा बायकोने ही बातमी चहाबरोबर दिली. चहा अर्धा झाला आणि माझ्या पोटात कळ आली. (चहाचा दोष नव्हता.)

"रविवारी पूजेला बोलावलं आहे," छाया म्हणाली.

"मी येत नाही. पोट दुखून राहिलं."

"कधीपासून?"

"आतापासून."

तिने ओवा दिला आणि सौंसरच्या बसवाल्याकडे निरोप धाडला. रविवारी सकाळी उत्तम राजदूत फटफटी घेऊन दारात हजर.

"भाऊ, मी पूजा थांबवली! तुम्ही घरातले मोठे. नारळ तुमच्याच हातानं फुटंन. पाहुणे उपाशी बसून राहिले शेतात."

एवढी माणसं उपाशी ठेवून आजारी राहणं मला जमेना. मागच्या सीटवर बसलो.

शेत पाहिलं आणि पोट थांबलं. जिकडेतिकडे मुरूम, गोटे, आणि पाण्याचा थेंब नाही. "छान जमीन घेतली रे!" मी मनापासून म्हणालो.

"भाऊ, आता विहीर कुठं खांदू ते सांगा."

(इथे 'मला कळत नाही' म्हणायला हवं होतं. पण सरकारी कारकुनाच्या तोंडून ते वाक्य निघत नाही.) एका कोपऱ्यात उंबर होता आणि त्याच्याखाली हिरवं गवत, म्हणजे पाण्याची खूणच. मी गंभीर चेहऱ्याने उंबराला वळसा घातला, टेकाडावर चढलो आणि तिथल्या काळ्या खडकावर नारळ फोडला.

"इथं खण."

"तिथं तर कुसळ बी उगवत नाही, बापा!" उत्तमची आई, अंबाकाकू, म्हणाली.

"आई, भाऊ शिकले-सवरलेले आहेत," उत्तम म्हणाला आणि त्याने खडकाला हळदकुंकू वाहिलं. त्याचा तो भोळा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. तेवढ्यात पाटोडीचा रस्सा आला. मी दोनदा मागून घेतला.

पुढे महिनाभर माझी तब्येत उत्तम होती. मग एका दुपारी उत्तम चिखलाने माखलेला घरात घुसला आणि त्याने थेट माझे पाय धरले.

"भाऊ, पाणी लागलं! खडक फुटला अन् हा झरा! मोटर लावली तरी हटून नाही राहिलं! अख्खं गाव तिला भाऊची विहीर म्हणून राहिलं!"

मी त्याला उठवून मिठी मारली आणि मिठीतच वाकडा झालो. मला भरून आलं असं समजून तो बिचारा रडायला लागला.

संध्याकाळी छाया मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी पोट चहूबाजूंनी दाबून पाहिलं.

"पाणी बाधलेलं दिसते. कुठलं पाणी?"

"उत्तमभाऊजींच्या विहिरीचं," छाया म्हणाली.

"किती पिले?"

"पिले नाहीत. लागलं म्हणून नुसतं ऐकलं."