सामाईक वजन

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हैबतराव पोट वर करून तरंगले. असं काही झालंच नाही, असं धरून पुढे वाचावं.

आरोही त्यांच्या पौडजवळच्या घरात भाड्याने राहत होती. धरणातल्या माशांच्या अंगात शिसं आणि पारा किती साठतो आणि त्याने मासा केव्हा मरतो, हे सांगणारं मॉडेल ती लॅपटॉपवर बांधत होती. सतरा नंबरचा कटला मासा काही केल्या वजनकाट्यावर ठरेना. आम्ही वासरू असंच मोजतो, म्हणत हैबतराव त्याला पोटाशी कवटाळून स्वतःच काट्यावर चढले. चौऱ्याऐंशी किलो. आरोहीने तपासणीसाठी एक खवला काढून मासा पाण्यात सोडला, आकडा लिहिला. हैबतरावांना वजा करायचं राहिलं.

मॉडेलने वजनावरून माशाचं वय काढलं, एकसष्ट. हैबतरावांचंही तेवढंच. पुढचा अंदाज असा होता: मंगळवारी खाणं सुटेल, गुरुवारी डावीकडे गोल फिरेल, शनिवारी दहा चाळीसला संपेल.

हे हैबतरावांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. तरी मंगळवारी त्यांनी भाकरीचं ताट सरकवलं आणि गुरुवारी ते तुळशीभोवती फिरू लागले.

"उलटं फिरताय," त्यांची बायको तुळजाबाई म्हणाली. "तुळशीला चक्कर यील."

शेवटी आरोहीने कबूल केलं. "काका, तुम्ही चुकून माशात गेलात."

"मग काढ की भाईर."

त्यासाठी त्यांचं एकट्याचं वजन लागणार होतं, आणि काटा कॉलेजात परत गेला होता. तो आला शनिवारी, साडेदहाला. चार दिवसांचे उपाशी हैबतराव धरणाच्या काठावर काट्यावर उभे राहिले.

चौऱ्याऐंशी.

आरोहीने वजाबाकी दोनदा केली. माशाच्या वाट्याला शून्य उरलं.

"मग मी पोटाशी धरलं ते काय हुतं?" हैबतरावांनी विचारलं.

समोर पाण्यात काहीतरी डावीकडे गोल फिरत होतं. तुळजाबाईने घड्याळ पाहिलं. "येक मिनिट हाय अजून. खाली उतरा."

सोमवारी तहसील कार्यालयात एक अर्ज आला. कागद ओला होता.

"अर्जदार व कटला क्र. १७ यांचे वजन अद्याप सामाईक आहे. तरी सदर माशास नोटीस बजावून, समक्ष पंचनामा करून दोघांचे हिस्से वेगळे करून मिळावेत, व तोपर्यंत गेल्या शनिवारची दहा चाळीसची वेळ तहकूब धरावी, ही नम्र विनंती."