‘थांबा’ दाबलं आणि साबण आला

आधीच सांगून ठेवतो, परक्या प्रोग्रॅमला आपल्या कॉम्प्युटरवर नांदवण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या ऑफिसात नाही! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण इतक्या वेळा म्हणतो की त्यात तथ्य असणारच.

माझं काम थोडक्यात सांगतो. आमची कंपनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, कारण त्यांची बोली वेगळी. म्हणून मधे एक थर बसवावा लागतो. ऑफिसात आम्ही त्याला ‘दुभाष्या’ म्हणतो. परका प्रोग्रॅम त्याच्या बोलीत काहीतरी मागतो, दुभाष्या ते आमच्या बोलीत सांगतो, आणि आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय याचा त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. हा दुभाष्या मी लिहिलाय. अर्धा. उरलेला अर्धा माझ्या बायकोने लिहिलाय, कारण ती शेजारच्याच टेबलावर बसते.

तर सासऱ्यांची लाँड्री आहे. धुण्याची आठ मोठी यंत्रं, आणि त्या आठांवर हुकूम चालवणारा एक जुनापुराणा प्रोग्रॅम. ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा त्याने गुरुवारी मान टाकली. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आणि शनिवारी दुपारी चार वाजता हॉटेलला एकशेवीस चादरी पोचवायच्या होत्या. हॉटेल हेच सासऱ्यांचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. ते गेलं तर आठातली सहा यंत्रं विकून टाकावी लागतील, हे सासूबाईंनी फोनवर रडत सांगितलं.

“बाबा, अजिबात काळजी करू नका!” मी छाती फुगवून म्हणालो. “शनिवारी सकाळी येतो. चहा होईपर्यंत यंत्रं सुरू.”

“वा वा, जावईबापू! तुम्ही येणार म्हटल्यावर आम्ही निर्धास्त!” सासरे म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “ते घाबरलेत.”

“काहीतरीच काय? निर्धास्त म्हणाले की!”

“बाबा गोड बोलले की उलटं धरायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं कळू नये?”

मला खरंच कळलं नव्हतं. पण हातातलं काम मोठं होतं.

शनिवारी सकाळी बायकोला दाढ काढायला जायचं होतं. गाल धरून ती दारात उभी राहिली. “ऐक, सिग्नलचं मी मागच्या महिन्यात...”

“सिग्नलचं ना? काल संध्याकाळीच उरकलं! तू जा, तुला उशीर होतोय.”

“अरे, पण माझं ऐकून तरी...”

“कळलं, कळलं!” मी म्हणालो आणि कॉम्प्युटर काखोटीला मारून निघालो. हे ‘कळलं, कळलं’ लक्षात ठेवा.

नऊला मी लाँड्रीत हजर. तारा जोडल्या, मेलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरून प्रोग्रॅम चढवला, बटण दाबलं. घर्रर्र! एकामागून एक आठही यंत्रं फिरायला लागली! गोल काचांआड पांढऱ्याशुभ्र चादरी गरगर फिरताहेत, सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या, सासरे तोंडात बोट घालून बघताहेत. अहो, काय सांगू! आयुष्यात एखादाच असा क्षण येतो. माझा चाळीस मिनिटं टिकला.

पावणेदहाला भिंतीकडच्या यंत्राची धुलाई संपली. आता पाणी निघून दार उघडायला हवं होतं. दार उघडेना. पडद्यावरचे आकडे थिजले आणि बाकीची यंत्रंही जिथल्या तिथे थांबली.

“काय झालं हो?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. सोपं आहे. या प्रोग्रॅममधे एक मुकादम असतो. दर यंत्रासाठी तो एक मूल जन्माला घालतो...”

“आत? यंत्रात?”

“प्रोग्रॅममधे! आमच्यात असंच म्हणतात. धुलाई संपली की मूल मरतं आणि बापाला तसा सिग्नल जातो...”

“शुभ बोला हो जरा!” सासूबाईंच्या हातातला ट्रे डगमगला. “सकाळच्या प्रहरी काय हे!”

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या खांद्यावर मारलेली टिचकी. प्रत्येक टिचकीला नंबर असतो. ‘थांब’चा एक, ‘पुढे चल’चा एक, ‘मूल गेलं’चा एक. आता गंमत अशी की आमच्या सिस्टीमचे नंबर वेगळे आणि या परक्या प्रोग्रॅमचे वेगळे. आमच्याकडचा सतरा म्हणजे ‘जागच्या जागी थांब’. त्याच्याकडे सतरा म्हणजे ‘मूल गेलं’! म्हणून टिचकी मारण्याआधी नंबर बदलून द्यावा लागतो. त्यासाठीच मी शुक्रवारी संध्याकाळी चाळीस ओळींचा सुंदर तक्ता लिहिला होता. तेव्हा सिग्नलमधे घोळ असणं शक्यच नव्हतं!

मी पडद्यावरचं ‘पुढे चालू’ दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. मुकादम जास्तच गाढ झोपला असावा.

“मी वायरच उपटते,” सासूबाई म्हणाल्या.

“अगं, नको!” सासरे ओरडले. “वीज गेली की दारं कुलपातच राहतात! चादरी आत, आपण बाहेर!” आणि वैतागून त्यांनी भिंतीवरचं संकटकाळचं लाल बटण फाडकन दाबलं.

लाल बटण म्हणजे सगळं जागच्या जागी बंद. पण ते दाबताच पडदा जागा झाला आणि यंत्रं जोमाने फिरायला लागली!

“बाबा, लाल बटण का दाबलंत?”

“राग आला म्हणून.”

“पण त्याने चालू झालं!”

“मग रागावायचं नाही का मी?” सासरे म्हणाले.

चालू झालं ते बरं झालं, असं समजून मी भिंतीकडच्या यंत्राचं ‘थांबा’ दाबलं. म्हणजे ते थांबेल, पाणी निघेल, दार उघडेल. आतून आवाज आला, गुडगुड. मग काचेवर एक निळसर ओघळ आला. धुतलेल्या चादरींवर नवा साबण! नवं पाणी! नवी धुलाई!

“थांबवा, थांबवा!” सासूबाई किंचाळल्या.

मी ‘थांबा’ दाबलं. गुडगुड. आणखी साबण.

आता माणसाचा स्वभाव बघा. यंत्र थांबत नसलं की माणूस काय करतो? ‘थांबा’ दाबतो. मी या यंत्राचं दाबलं, सासऱ्यांनी त्या यंत्राचं दाबलं, सासूबाईंनी मधल्या दोन यंत्रांची एकदम दाबली. सगळीकडे गुडगुड! मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. त्याने आठही यंत्रांत पहिल्यापासून साबण घातला. मी तो परत बंद करून परत सुरू केला. त्याने परत घातला. बारा वाजले तेव्हा दारांच्या फटीतून फेस बाहेर यायला लागला होता. एक वाजता तो माझ्या घोट्यापर्यंत आला.

“जावईबापू, तुम्ही बसा हं निवांत,” सासरे अतिशय प्रेमाने म्हणाले. “चहा घ्या.”

मला बरं वाटलं. मी बसलो आणि चहा घेतला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मात्र लागला नाही.

अडीच वाजता हॉटेलचे मॅनेजर स्वतः आले. पॉलिश केलेले बूट, हातात यादी.

“चादरी कुठे आहेत?”

“धुतल्यात,” सासरे म्हणाले.

“मग द्या ना.”

“अजून धुतोय.”

मॅनेजरांनी फेसाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. “चार वाजता परिषदेचे पाहुणे खोल्यांत जाणार. चादरी नसतील तर सोमवारपासून आम्ही दुसरीकडे देऊ. नाइलाज आहे.”

सासरे मटकन स्टुलावर बसले. एरवी ताठ असणारा तो माणूस हातातल्या टॉवेलची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. हे सगळं माझ्या एका फुशारकीपायी!

“बघू, मी बघतो,” मॅनेजर म्हणाले, पुढे झाले आणि त्यांनी ‘थांबा’ दाबलं.

गुडगुड.

नेमकी त्याच वेळी बायको दारात आली. एक गाल सुजून टम्म, तोंडात कापूस, अर्धं तोंड बधिर.

“आलीस!” मी धावलो. “काय करू? लवकर सांग!”

“फोन फेवा...” ती म्हणाली. मग तिने नाद सोडला आणि दोन बोटं वर केली.

“दोन मिनिटं?”

तिने मान हलवली. दोन बोटं माझ्याकडे केली, मग स्वतःकडे.

“आपण दोघांनी? कुठे जायचं?”

तिने कपाळावर हात मारला. मग भिंतीकडच्या यंत्राजवळ गेली आणि वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने लिहिलं: ‘तक्ता मी महिन्यापूर्वीच घातलाय. दारातच.’

मी वाचलं. परत वाचलं. “म्हणजे, सिग्नल आत जाताना तू नंबर बदलतेस?”

तिने मान डोलावली.

“आणि बदललेला नंबर माझ्यापर्यंत येतो, आणि मी तो...”

तिने परत दोन बोटं वर केली.

अरे देवा! भाषांतराचं भाषांतर! लाल बटणाचा आमचा सतरा तिने इमानदारीत त्यांचा एकोणीस केला. ते अगदी बरोबर. मग तो एकोणीस माझ्या हाती आला. मला वाटलं हा आमचाच एकोणीस, म्हणजे ‘पुढे चल’. मी तितक्याच इमानदारीत त्याचा त्यांचा ‘पुढे चल’ केला, अठरा. ‘जागच्या जागी थांब’चं झालं ‘पुढे चल’! ‘थांबा’ बटणाचा नंबर वेगळा, त्याचं झालं ‘मूल गेलं’. मुकादम म्हणाला, गेलं तर गेलं, दुसरं जन्माला घालतो, घाला साबण! आणि खरोखर मूल गेलं की त्याला ऐकू यायचं ‘थांब’, म्हणून गडी जागच्या जागी थिजायचा. बिचाऱ्या प्रोग्रॅमने दिवसभरात एकही चूक केली नव्हती. त्याला जे सांगितलं ते त्याने मुकाट्याने केलं.

“काय लिहिलंय तिने?” सासऱ्यांनी विचारलं.

“किरकोळ आहे, बाबा,” मी म्हणालो आणि तळहाताने काच पुसली.

बायकोने कॉम्प्युटर ओढून घेतला. माझा चाळीस ओळींचा सुंदर तक्ता निवडला आणि एका फटक्यात खोडला. मला विचारलंसुद्धा नाही! मग ‘थांबा’ दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मॅनेजरांनीसुद्धा रोखला.

यंत्र थांबलं. सळसळ करत पाणी निघालं. खट्! दार उघडलं. मांजराने उडी मारावी तसा फेसाचा एक ढीग मॅनेजरांच्या बुटांवर पडला.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. साबण निघेपर्यंत चादरी खळबळल्या, वाळवणीच्या यंत्रात कोंबल्या, सासूबाईंनी आणि मी घड्या घातल्या. माझ्या घड्या सासूबाईंनी मोडून परत घातल्या. मॅनेजरांनी बूट काढले, पँट दुमडली आणि गठ्ठे गाडीत टाकले. चारला पाच कमी असताना गाडी हॉटेलच्या मागच्या दाराशी लागली.

साडेपाचला मॅनेजरांचा फोन आला. सासऱ्यांनी उचलला.

“अहो, इतक्या पांढऱ्या चादरी मी जन्मात पाहिल्या नाहीत! काय वापरलंत?”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “जावई,” ते म्हणाले.

“दर शनिवारी अशीच धुलाई हवी!”

हॉटेल राहिलं! सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. बायको अर्ध्या तोंडाने हसली. सासरे उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गदगदून म्हणाले, “जावईबापू, पुढच्या शनिवारी नक्की या हं! तुमच्याशिवाय काही खरं नाही!”

परतीच्या वाटेवर बायकोची जीभ मोकळी झाली. “ते म्हणजे ‘येऊ नका’. समजलं ना?”

घरी पोचतोय तोच सासूबाईंचा फोन. “त्यांचं मनावर घेऊ नका हं. तुम्हाला वाटेल की ते ‘येऊ नका’ म्हणाले. तसं नाही, ते मनापासूनच बोलवत होते!”

आता बघा. बायकोने एकदा उलटं केलं, सासूबाईंनी ते परत उलटं केलं. पण मी त्या दिवशी धडा शिकलो होतो! दोन दोन भाषांतरांच्या भानगडीत पडायचंच नाही. टिचकी जशी आली तशी घ्यायची. सासरे ‘या’ म्हणाले ना? मग जायचं!

पुढच्या शनिवारी नऊच्या ठोक्याला मी लाँड्रीच्या दारात हजर. दाराला आतून कडी होती. काचेतून यंत्रं फिरताना दिसत होती आणि सासरेही दिसत होते. मी हात हलवला. त्यांनीही हात हलवला.

त्याचा अर्थ काय, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.