आईचं वजन स्थिर मानू

"काकू, जरा पलीकडे सरकता का?"

वर्गात कुणी कुणाला सरकायला सांगितलं, यात लिहिण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण मी आधीच सरकलेली होते. अगदी भिंतीला खांदा टेकेपर्यंत. त्यापलीकडे सरकायचं तर मला शेजारच्या वर्गात प्रवेश घ्यावा लागला असता. त्याच तासाला, फळ्यावर सर सरासरी काढत असताना, मी वजन कमी करायचं ठरवलं.

लग्न आणि बाळंतपण यांच्या मध्ये कुठेतरी माझी संख्याशास्त्राची पदवी अर्धवट राहिली होती, ती पूर्ण करायला मी परत कॉलेजात आले होते. घरी लेक अजून रांगतेय, तिला सासूबाई सांभाळतात. माझ्या वर्गातली मुलं माझ्यापेक्षा इतकी लहान, की सुरुवातीला त्यांनी मला पाहून उभं राहून 'गुड मॉर्निंग' म्हटलं होतं. (मी उत्तरही दिलं होतं. बाईंसारखं.)

मला 'काकू' म्हणणारी मुलगी कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान होती. सगळे तिला कप्तानच म्हणत. तास संपल्यावर तीच ओशाळून आली.

"सॉरी ताई. तोंडातून गेलं."

"असू दे. मला वजन कमी करायचंय, पण जमत नाही. एकटीने तर मुळीच नाही."

हे मी सहज बोलून गेले. समोरचीने ते आदेशासारखं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून माझी लिफ्ट बंद. कॅन्टीनवाल्याला माझा चेहरा दाखवून ठेवलेला, मी केककडे नुसतं पाहिलं तरी तो म्हणे, "ताई, कप्तानला सांगेन हं." माझा निम्मा डबा बाकावरचा मित्रपरिवार संपवायचा. याला ते पाठिंबा म्हणत. तास सुटले की मैदानाला फेऱ्या. मी धापा टाकत चालायचे आणि कप्तान माझ्यापुढे उलटी पळत ओरडायची, "ताई, मस्त! ताई, भारी!" लेकीने पहिल्यांदा कूस बदलली तेव्हा मी ज्या सुरात ओरडले होते, अगदी त्याच सुरात.

तिचा एकच नियम कडक होता. "परीक्षा संपेपर्यंत काट्यावर उभं राहायचं नाही. आकडा बघितला की माणूस खचतं."

इतका सोयीचा नियम आयुष्यात मला कुणी घालून दिला नव्हता. तो मी मनापासून पाळला.

आता अडचण अशी, की आमच्या घरातला वजनकाटा लेकीसाठी आणलेला होता. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजन जरा कमी भरतंय. घाबरू नका, लक्ष ठेवा." (आईला 'घाबरू नका' म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टरीच्या अभ्यासक्रमात शिकवत नसावेत.) लेक काट्यावर एकटी टिकत नाही, लगेच रांगत सोफ्याखाली जाते. म्हणून मी तिला कडेवर घेऊन उभी राहायचे आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचे.

आणि माझं वजन? ते मला तोंडपाठ होतं. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणीत निघालेलं. नंतर पुन्हा मोजायला कप्तानची बंदी. शिवाय इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक होतं, की जगात काहीही हललं तरी ते हलणार नाही.

पहिल्या आठवड्यात लेकीचं वजन वाढलं नाही. पुढच्याही नाही. मी तिला भरवायचा सपाटा लावला. केळं, अंडं, दूधभात, पुन्हा केळं. ती आनंदाने खायची आणि काटा तिथल्या तिथे. मग एका सकाळी बेरीज चक्क कमी आली.

"अरे, बाळाचं वजन उतरलं!" मी न्हाणीघराच्या दारावर धडका दिल्या.

नवरा तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आला. "बाळं कधी वजन उतरवतात का? काटा बिघडला असेल." तो स्वतः वर चढला. "नाही, काटा ठीक आहे. दुर्दैवाने."

"मी कॉलेजला जाते म्हणून होतंय हे. पोर झुरतंय."

"झुरतंय? अगं, काल तिने माझं केळं हिसकावून घेतलं!"

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातलं भांडं जरा जोरात ओट्यावर टेकलं. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. मग थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की मला जास्त भीती वाटते.

त्या दिवशी मी कप्तानला सांगितलं, "मी कॉलेज सोडतेय."

"काय? आता? ताई, परीक्षा तोंडावर आलीय!"

"लेक आधी. पदवी काय, राहिलीच होती, राहील अजून." असं म्हणताना मी खंबीर दिसत असेन अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कप्तानने मला रुमाल दिला, आणि तो पुरला नाही म्हणून स्वतःचा टॉवेल.

"सोडायचं ते डॉक्टरांना विचारून सोडा," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

दवाखान्यात आम्ही अशा पोचलो: कडेवर लेक, डावीकडे न बोलणाऱ्या सासूबाई, उजवीकडे खेळाच्या बुटांतली कप्तान. डॉक्टरीणबाईंनी लेकीला त्यांच्या परातीसारख्या काट्यात बसवलं. मी डोळे मिटले.

"छान!"

"किती उतरलंय?"

"उतरलं? अहो, भरपूर वाढलंय. भरवणं जरा आवरा आता."

"शक्यच नाही. घरी दर आठवड्याला मोजतेय मी."

"कशा मोजता?"

मी सांगितलं. सविस्तर. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असल्याचाही उल्लेख केला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही एकट्या शेवटच्या कधी उभ्या राहिलात?"

कप्तानने हात वर केला. "मॅडम, मीच बंदी घातली होती."

"या इकडे. चढा."

मी चपला काढल्या, घड्याळ काढलं, केसांची क्लिपसुद्धा काढली. मग चढले. आकडा पाहिला, पाय नीट वर आहेत का ते पाहिलं आणि पुन्हा आकडा पाहिला. (तो तुम्हाला सांगणार नाही. पण प्रवेशाच्या वेळचा तो नव्हता.) लेकीने जेवढं कमावलं होतं, त्याहून थोडं जास्तच मी गमावलं होतं. आम्हा मायलेकींची बेरीज बिचारी इमानदारीने तेच सांगत होती. वजाबाकी करणारी तेवढी शिकलेली होती.

कप्तानने अशी आरोळी ठोकली की बाहेर वाट पाहणारी दोन मुलं रडायला लागली. मी हसत होते की रडत होते, सांगता येणार नाही. टॉवेल मात्र पुन्हा लागला.

"चला," सासूबाई अखेर बोलल्या, "माझ्यावरचा आळ गेला."

"अहो आई, मी कुठे आळ घेतला?"

"तोंडाने नाही घेतलास. दुधाच्या पातेल्याला विचार." आणि लेकीला माझ्याकडून काढून घेत म्हणाल्या, "उद्या वेळेवर जा कॉलेजला. ही माझ्याकडे झुरत बसेल."

मी गेले. जिन्याने. परीक्षाही दिली. पण कप्तानच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत नव्हतं. संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका उघडली तर शेवटचा प्रश्न असा: 'आई व बाळ यांचं एकत्रित वजन कायम राहिलं. बाळाचं वजन वाढलं. तर आईच्या वजनाविषयी काय म्हणता येईल?' पुढच्या बाकावर कप्तानचे खांदे हलत होते. समोर सर खिडकीबाहेर पाहत होते. हा प्रश्न तर माझाच! मी घाईघाईने, अतिशय आत्मविश्वासाने लिहायला घेतलं.

उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा बाकी सगळं बरोबर होतं, मी पास होते. फक्त शेवटच्या प्रश्नाला शून्य. माझ्या उत्तराची पहिलीच ओळ सरांनी लाल शाईने अधोरेखित केली होती: 'प्रथम आईचं वजन स्थिर मानू.'

समासात त्यांनी एकच शब्द लिहिला होता. 'पुन्हा?'